होडीचा रंग

भिंत मीच घासली होती.
बर्फाच्या कारखान्यामागची, चाळीस फूट लांब,
वर्षानुवर्षं खारं वारं प्यायलेली.
तारेचा ब्रश मारला की पापुद्रे पडायचे:
आधी एक निवडणूक, मग तिच्याखालची निवडणूक,
मग मूळव्याधीवर खात्रीचा इलाज,
आणि तळाशी कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं
उधार मागू नये.

माझं काम खरं तर होड्यांवर नावं घालायचं.
आईची कृपा, सागरकन्या, दर्याराज,
पुढं नंबर, खाली दोन मासे, एकमेकांकडे पाठ केलेले.
पाठ का, असं कुणी विचारलं नव्हतं कधी.
हिनं विचारलं, पहिल्याच दिवशी, खुणेनं.
उस्तादानं असंच शिकवलं, एवढंच मला ठाऊक.

हा-रान. कोरियातल्या बंदरातून आलेली, भिंती रंगवत.
बुसान, म्हणायची, आणि हवेत डोंगर काढायची,
डोंगरावर घरं, घरं निळी, पिवळी, गुलाबी,
आणि पायथ्याशी, बोट टेकवून, मासळीबाजार.
ससून डॉकात सगळे पाहुणे नाकाला रुमाल लावतात.
हिनं शिडीवर चढताना एक खोल श्वास घेतला,
माहेरच्या दारात घेतात तसा.

पहाटे लिलाव सुरू झाला की मावशीचा स्टोव्ह पेटतो.
सुका जवळा, कांदा, मिरची, वर अंडं फोडलेलं,
त्याच तेलात पाव दाबून.
हा-राननं पहिला घास घेतला
नि डोळ्यांतून पाणी.
मला वाटलं, मिरची.
नाही. तिनं माझा खडू मागितला, फरशीवर काढलं:
एक गाडा, एक म्हातारी, वाफाळता टोप,
काडीला घडी घालून टोचलेली माशाची वडी,
आणि रस्सा, कागदी पेल्यात, हवा तेवढा, फुकट.
मावशी वाकून बघत होती.
"फुकट? मग तिचं भागतं कसं?"
याची खूण मला करता येईना.

अकरा दिवसांत भिंतीवर नुसते हात उगवले.
कोलंबी सोलणारे. चेहरा एकही नाही.
बायका टोपल्या ठेवून आपापले हात शोधायला आल्या.
"ही माझी करंगळी, नख बघ गेलेलं."
"तुझी कशी? बांगडी माझी आहे."
दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या.

शेवटच्या दिवशी, उजव्या कोपऱ्यात,
जिथं सही करतात तिथं जागा रिकामी ठेवून
तिनं ब्रश माझ्या हातात दिला
आणि बोट दाखवलं स्टोव्हकडे.

वीस वर्षं मी तिथं खातोय.
उधारीच्या वहीत माझं पान आहे.
मावशी, नाव काय तुझं?
तिनं तवा खरवडला.
"कुठलं? माहेरचं की सासरचं?"
गिऱ्हाइकाचे दोन पाव उलटले, पैसे मोजले,
मग म्हणाली, "चांगुणा घाल.
दुसरं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं.
तेव्हाच मोडलं. त्याच तांदळाचा भात झाला."

मी भिंतीचा रंग घेतला नाही. होडीचा घेतला,
तेलाचा, खाऱ्याला न भिणारा.
चांगुणा.
सवयीनं पुढं नंबर घालणार होतो,
हात आवरला. मासेही काढले नाहीत.

दोन पावसाळे गेले.
हात मनगटापर्यंत सोलून निघाले,
कोलंबीसारखेच, खालून वर.
मधोमध पुन्हा एक निवडणूक चिकटली.

काल नवा खलाशी, उत्तनचा, पाव चघळत
भिंतीकडं बघून मला विचारतो,
"ही चांगुणा कुणाची? निघाली की काय?"
मी बोलणार एवढ्यात
स्टोव्हमागून आवाज आला,
"कुठं जाते? साडेचारपासून इथंच उभी आहे.
तुझं अंडं एक की दोन?"